झोळीचं माप

ता. ९ जानेवारी १८९३, सोमवार

सासूबाई हो म्हणाल्या! अट घालून म्हणाल्या, कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, पण म्हणाल्या. आता शब्द फिरवणार नाहीत. तेवढं मात्र त्यांचं आहे.

तळ्याकाठच्या मुलींच्या शाळेचे पंतोजी दिवाळीनंतर थकून गावी गेले. तेव्हापासून शाळेला कुलूप. मधू होण्याआधी पंतोजी आजारी पडले की मी जाऊन मुलींना शिकवीत असे, आणि तेव्हापासून ते खूळ माझ्या डोक्यातून जात नाही. कल्याणला बाबांनी मला शेजारी बसवून शिकवलं ते काय वाण्याच्या पुड्या वाचायला? आता शाळेच्या कमिटीचे प्रभाकरपंत म्हणतात, बाईच नेमू. सहा फेब्रुवारीला डेप्युटीसाहेब येऊन माझं शिकवणं बघणार. पसंत पडलं तर शाळा माझी. नाही तर कुलूप आहेच.

सासूबाईंची अट एकच. "माझ्या नातवाचं एकही दूध चुकता कामा नये. गाईचं नको, दाई नको, रडवून निजवणं नको. भूक लागेल तिथे त्याची आई हवी. हे जमत असेल तर जा. हवी तर नाचत जा."

मधू पाच महिन्यांचा. त्याची भूक म्हणजे बिघडलेलं घड्याळ, केव्हाही वाजतं. सासूबाई घरी असतात, पण विहिरीवर पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. पोराला घेऊन त्यांना चार पावलं चालवत नाही, मग शाळेपर्यंत कुठून आणतील? म्हणजे मधू माझ्याबरोबर शाळेत. खाली ठेवला की भोंगा. कडेवर घेतला तर खडू कुठल्या हाताने धरू?

तेव्हा अंगावर बांधायला काहीतरी हवं. मधू पुढे, पदराखाली, आणि माझे दोन्ही हात मोकळे.

स्वारी म्हणाली, "एवढंच ना?"

तिथेच मला भीती वाटली.

ता. १० जानेवारी

स्वारी म्हणजे आमचे हे. नाव कागदावरसुद्धा घेत नाही. भिंतीला नुसते कान असतात, कागदाला जीभ असते.

स्वारी कलेक्टरकचेरीत कारकून. उंची ताडाएवढी, मी शेजारी उभी राहिले तर त्यांच्या कोपराशी बोलते. सुधारणेचं भारी वेड. सभेत स्त्रीशिक्षणावर पाऊण तास बोलतात. पण घरात आई समोर असली की माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत आणि मधूला तर बोटसुद्धा लावत नाहीत. वडीलधाऱ्यांच्या समोर बापाने आपलं मूल घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घेतलं तर निर्लज्जपणा. दुपारी कचेरीतून जेवायला येतात तेव्हा मधू ओसरीवर हातपाय झाडत हसत असतो, आणि स्वारी त्याच्याकडे शेजाऱ्याच्या वासराकडे पाहावं तशी पाहून आत जाते. सासूबाई देवळात गेल्या की मात्र खाली बसून त्याच्या पोटावर तोंड घासून घासून त्याला हसवतात. मिशी टोचते, मधूला ते फार आवडतं.

आज जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "मधू, तुझ्या आईला सांग, काम होईल. विलायतेत या गोष्टीचा फार विचार झालेला आहे."

मधू निजला होता.

ता. १२, संक्रांत

दिवसभर हळदीकुंकू. नाव घ्यायला लावलं. झोळी, पोळी, मोळी असं काहीतरी जुळवून घेतलं. डोक्यात दुसरं काही नाहीच.

बायका आल्या की सासूबाई आपण होऊन माजघरात जाऊन बसतात, दार लोटून. सवाष्णींच्या समोर विधवेचं आलवण नको. त्यांनीच तीळ निवडले, त्यांनीच पाक केला, त्यांचाच लाडू सगळ्या जणी वाखाणत होत्या. मला ते दार लोटलेलं आवडत नाही. पण मी कुणाला काय म्हणणार? दोन लाडू आत नेऊन दिले. म्हणाल्या, "पाक जरा पुढे गेला."

ता. १५, रविवार

स्वारी कल्याणला जाऊन आली. तिथे म्हणे एक खोगीरवाला आहे, साहेबलोकांच्या घोड्यांचं काम करतो. त्याच्याकडून मुलाचं खोगीर करून घ्यायचं. इंग्रजी मासिकातलं चित्र बरोबर नेलं होतं.

प्रश्न मापाचा आला. माझं माप परका माणूस कसा घेणार? आणि कल्याणात बसून कुठलं घेणार? तेव्हा स्वारीने आपलंच माप दिलं. "जरा कमी करा म्हणालो." किती कमी, ते बोलायचं राहिलं. आता भर बाजारात उभं राहून बायको केवढी आहे ते हाताने दाखवणार का माणूस?

जेवायला माझ्या माहेरी गेले. बाबांनी विचारलं, "खोगीर सांगितलंत? घोडा घेतलात की काय?" हे म्हणाले, छे, मधूसाठी. आता कल्याणभर झालंय की ठाण्याच्या जावयांनी पाच महिन्यांच्या पोराला घोडा घेतला. आईने निरोप पाठवलाय, पडेल तो, जपा.

ता. १८

खोगीर आलं.

काय वर्णन करू? चार पट्टे, पितळेच्या आठ कड्या, छातीवर एक, कमरेला एक, आणि बाजूला चाबूक अडकवायची जागासुद्धा. वासाला अगदी तबेला. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "चामडं या चौकटीच्या आत येणार नाही." म्हणून परसात नेऊन घातलं. मधू बसतो कुठे, तर पाठीवर.

मी म्हटलं, "अहो, मूल पाठीवर आणि दूध पुढे."

स्वारीने मासिकातलं चित्र पुन्हा उलगडून पाहिलं. मग म्हणाली, "हं. हा एक मुद्दा राहिला."

चित्रातलं पोर पाठीवर होतं, म्हणून यांनी पाठीवर करून घेतलं. चित्रातली मडम डोंगर चढत होती. ती कुठे पाजत होती?

फिरवून पुढे घेतलं तर पट्टे माझ्या गुडघ्यावर आले. मधूने एक पट्टा चावला, त्याला आवडला. बस, एवढाच उपयोग. खोगीर गोठ्यात टांगलंय. गाय त्याच्याकडे संशयाने बघते.

ता. १९

सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "त्र्यंबक सुनेला जुंपणार होता." (नाव त्यांनी घेतलं, मी नुसतं उतरवलं.) कुणाला म्हणून पाहिलं तर गायीला.

ता. २२, रविवार

आज हसून हसून माझ्या बरगड्या दुखताहेत.

खोगीर फसलं म्हणून स्वारीने बुरुडाकडून टोपली करून आणली. गळ्यात अडकवायची, पोटावर येते, आत मऊ दुपटं, पुढे. मूल पुढे हवं, एवढं हे शिकले. माप? बुरूड पुरुषच. दारात उभा राहून त्याने काठी धरली ती स्वारीच्याच अंगाला. मी घातली तर टोपली मांडीवर लोंबली. मधूला पाजायचं तर मला कमान व्हावं लागेल, आणि कमान होऊन फळ्यावर बाराखडी कोण लिहील?

सासूबाई देवळात गेल्या होत्या. स्वारी म्हणाली, "तुला नीट घालता येत नाही. बघ." आणि आपल्या गळ्यात टोपली अडकवून मधूला आत ठेवलं. खरंच सांगते, अगदी मापात. मधू गप्प. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वास घेतला, आणि सदऱ्याची गुंडी तोंडात धरून ओढायला लागला.

"अगं, हा ओढतोय."

"ओढू द्या. त्याचं तेच काम."

"अगं, पण त्याला वाटतंय की येईल."

मी भिंतीला धरून खाली बसले. एवढ्यात अंगणात चपलांचा आवाज. सासूबाई! आज कीर्तन नव्हतं म्हणे, लवकर परतल्या. स्वारीला टोपली गळ्यातून निघेना, दोरी पागोट्यात अडकली. कचेरीत मोठमोठ्या साहेबांपुढे उभा राहणारा माणूस, पण चेहरा असा झाला की चोर बरा. खुंटीवरचं घोंगडं ओढून पुढे धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सासूबाई आत आल्या. "त्र्यंबक, भिंतीत काय बघतोस?"

"ओल आलीय का बघतो."

"थंडीत?"

घोंगड्यातून चुटुक चुटुक आवाज.

"हा आवाज कसला?"

"पाल असेल."

मी पदर तोंडात कोंबला होता. मधूने आणखी थोडा धीर धरला, पण गुंडीतून काही येईना तेव्हा त्याने असा काही टाहो फोडला की कुंपणापलीकडच्या कोंबड्या उडाल्या. स्वारी तशीच भिंतीकडे तोंड करून. सासूबाईंनी स्वारीच्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, पाल भुकेली आहे. तिला पाज." आणि पाय धुवायला गेल्या.

रात्री जेवताना कुणी कुणाकडे बघितलं नाही. मधू तेवढा सगळ्यांकडे बघून हसत होता.

ता. २४

टोपलीत सासूबाईंनी कांदे ठेवले. म्हणाल्या, कांद्यांना बरी आहे.

ता. २६

मागच्या कुंपणापलीकडे ज्युलियाना राहते. किरिस्ताव, भाताची शेती, वांग्याचा मळा. तिचा पॉल मधूपेक्षा महिन्याने मोठा. सकाळी तिने कांद्यांची टोपली माझ्या हातात बघितली आणि म्हणाली, "काय गो बाय, त्या दिशी यात पोर होता, आज कांदे? पोर कंदी काढलास?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चादर घे. मी दावतंय."

आता गंमत अशी की तिने मला शिवलं तर मला पुन्हा अंघोळ, आणि मधूलाही. ते तिला माझ्याआधी ठाऊक. आपण होऊन कुंपणापासून दोन हात लांब उभी राहिली. "तुजी सासू बगते. मी हितूनच सांगतंय." तिने पॉलला घेऊन आपली चादर बांधायला घेतली, मी इकडे माझी. ती समोर तोंड करून. तिचा हात इकडे गेला की मी इकडे. तिने ओढलं की मी ओढलं. आरशात बघून नथ घालावी तसं.

सगळं बांधून झालं. मधूचं तोंड माझ्या काखेतून मागे बाहेर आलं होतं आणि त्याचा पाय माझ्या हनुवटीखाली. ज्युलियाना हसत हसत वांग्यांच्या वाफ्यात बसली, दोन रोपं मोडली.

"उलटा झाला गो! थांब, मी पाठ करतंय." मग पाठ करून बांधलं. तर मला तिची नुसती पाठ दिसली, गाठ कुठे दिसली? मीही माझी गाठ मारली. दोन पावलं चालले आणि सगळं ओघळलं. मधूला हवेत झेललं. तो खूश. त्याला परत पाहिजे.

"आमचा अँब्रोज असता तर त्यानं दावला असता," ती म्हणाली. "तो माज्यापेक्षा बरा बांधते."

"तुमच्यात पुरुष पोर बांधतात?"

"मंग? मी लावणी करतंय, पोराला भूक लागली तर मना शेतावर कोण आणून देल? बामन?" आणि परत हसली.

सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तुळस केव्हाच भरली होती, पाणी वृंदावनावरून वाहत होतं.

ता. २९, रविवार

आठवडा राहिला. खोगीर गोठ्यात, टोपलीत कांदे, चादर दोरीवर. मी नेमकी काय मागतेय? पोर पोटाशी राहावं आणि हात मोकळे असावेत, एवढंच. आजवर कोट्यवधी बायकांनी कोट्यवधी पोरं वाढवली आणि मला एक फडकं बांधता येत नाही.

मला ती शाळा हवी आहे. फार हवी आहे. हे कुठे बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते.

ता. १ फेब्रुवारी

स्वारीने शिंप्याला बोलावलं. भिवा शिंपी, म्हातारा, चांगला माणूस. जाड मांजरपाटाची दुहेरी झोळी, रुंद पट्टा एका खांद्यावरून, मधू आडवा, तोंडाजवळ एक पदर ठेवलेला, उचलला की पाजता येईल. पहिल्यांदाच कुणीतरी डोकं वापरलं. मी आतून दाराआडून सांगत होते, सासूबाई दारात, भिवा ओसरीवर. भिवाने विचारलं, "माप?"

आणि स्वारी उठून उभी राहिली, हात पसरून.

मी आतून कपाळावर हात मारून घेतला. पण बोलले काय? काही नाही. परक्या शिंप्यापुढे मी काय म्हणू, मी एवढीशी आहे, हे माप माझं नाही?

ता. ३

झोळी आली. सुरेख शिवलीय. मला दोन हात लांब.

ता. ४

दुपारी झोप लागली होती. उठून पाहते तर सासूबाई खिडकीशी बसून झोळीला कच्चे टाके घालताहेत. पट्टा दुमडून दुमडून आखूड केलाय. मला उभी केली, खांद्यावर टाकली, ओढली, पाठीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी टाचली. इतक्या दिवसांत मापासाठी मला हात लावणारं पहिलं माणूस. मधूला आत ठेवला. बसला! माझ्या पोटाशी, तोंड नेमकं जिथे हवं तिथे. वरून पदर घेतला तर बाहेर काही दिसेना.

मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "वाकू नकोस, पोर सांडेल. आणि मी काही तुझ्या शाळेच्या बाजूची नाही. शिवण ढगळ दिसत होती म्हणून."

ता. ५, रविवार

रंगीत तालीम. सासूबाई डेप्युटी. स्वारी शाळेतली मुलगी, मांडी घालून, हातात पाटी. सासूबाईंसमोर आम्ही दोघांनी बोलायचं नाही म्हणून स्वारी उत्तरं मांजराला देत होती. सासूबाईंनी स्वारीला नापास केलं.

ता. ६ फेब्रुवारी, सोमवार

आधी शेवट लिहिते: माझं शिकवणं पसंत पडलंसं दिसलं. पण.

सकाळी शाळेचं कुलूप काढलं. मुली आल्या, अकरा जणी, सगळ्यांच्या वेण्या घट्ट, तोंडं धुतलेली. मधू झोळीत. वर थंडीची शाल. डेप्युटीसाहेब आले, जाडजूड, कोटावर सोन्याची साखळी, बरोबर प्रभाकरपंत. खडू हातात आला आणि थेट कामाला लागले. वजाबाकी घेतली. हातचा कसा घ्यायचा ते आमच्या कांद्यांवर समजावलं. एका मुलीला नेमकं कळलं तेव्हा तिचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यासाठी मी रोज तळ्याला फेरा घालून जाईन.

मधू मधेच जागा झाला. मी फळ्याकडे वळून पदर उचलला आणि तो प्यायला लागला. मी लिहितेय, तो पितोय, कुणाला पत्ता नाही! जन्मात एवढी हुशार मी मला कधी वाटले नव्हते.

मग त्याचं पोट भरलं. मी वळून म्हटलं, "आता सगळ्यांनी शांत बसा," आणि त्या शांततेत मधूने ढेकर दिली. साधी नाही. त्याच्या बापाची, श्राद्धाच्या जेवणानंतरची.

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. प्रभाकरपंत आढ्याकडे. डेप्युटीसाहेब फार सभ्य माणूस. खाकरून म्हणाले, "शिक्षिकाबाईंना... पित्ताचा त्रास दिसतो. सुंठ घेत जा."

मी म्हटलं, "होय, घेते."

एवढ्यावर निभावलं असतं. पण जाता जाता त्यांना मुलीची पाटी बघायची होती, म्हणून माझ्याजवळून वाकले. शालीतून एक छोटा हात बाहेर आला आणि साहेबांची साखळी धरली. मधूने एकदा धरलं की सोडत नाही, ते खोगिराच्या पट्ट्याला विचारा. साहेब तसेच वाकलेले. त्यांना आधी वाटलं माझाच हात. मग त्यांनी माझे दोन्ही हात बघितले, खडू आणि छडी, आणि तिसरा हात बघून ते इतके दचकले की टोपी पडली.

मुली हसून हसून लोळल्या. मीही हसले, काय करू? साखळी सोडवायला प्रभाकरपंतांना खडीसाखर दाखवावी लागली.

ता. ७

प्रभाकरपंत सकाळी ओसरीवर येऊन सांगून गेले. डेप्युटीसाहेब म्हणाले, इतकी चांगली वजाबाकी त्यांनी जिल्ह्यात कुठे ऐकली नाही. बाईंना येत्या सोमवारपासून नेमावं. मात्र वर्गात मूल असता कामा नये.

सासूबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची अट त्यांना सांगायला नको होती, मला पाठ आहे.

साहेब म्हणतात मूल नको. सासूबाई म्हणतात दूध चुकायला नको. हातचा घ्यायचा तरी कुठून?

ता. ९

रडले. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

ता. ११, शनिवार

कल्याणहून बाबांनी विचारलं, घोड्याचं काय झालं.

संध्याकाळी परसातून आत आले तर सासूबाई दिव्याशी बसून झोळीचे टाके उसवत होत्या. एकेक टाका, सावकाश. मांजरपाट चांगला आहे, पुसायला होईल. मधूला घेऊन तशीच आत गेले.

ता. १२

सासूबाई म्हणाल्या, "उद्या सोमवार. शब्द दिलाय तर कुलूप उघडून ये. दुपारच्या सुट्टीपर्यंत थांब, मग काय ते प्रभाकरपंतांना सांग."

काय ते म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

ता. १३ फेब्रुवारी, सोमवार

मधूला पोटभर पाजून गेले. मुलींना काही सांगवेना. दुपार होत आली तशी छाती भरून आली, दुधाने आणि रडण्यानेही. खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तळ्याच्या रस्त्याने सासूबाई येत होत्या. भर दुपारी, भर रस्त्याने, आलवण नेसून, नाक वर, ताठ. समोरून येणारे लोक त्यांना बघून बाजूला होत होते, वाट मोकळी सोडत होते. आणि त्यांच्या मागे दहा पावलांवर स्वारी. डोक्याला पागोटं, अंगात कचेरीचा अंगरखा, छातीवर मांजरपाटाची झोळी, झोळीत मधू, गुंडी तोंडात. झोळी अंगाला अशी बसली होती की जणू त्यांच्यासाठीच शिवली. शिवली होतीच की! टाके कशाला उसवले ते आत्ता कळलं. तळ्यापलीकडच्या कचेरीच्या व्हरांड्यात सगळे कारकून येऊन उभे होते.

सासूबाई पायरीवर टेकल्या. मी म्हटलं, "तुम्ही, अशा रस्त्याने?"

"मला बघून लोक एरवीही वाट सोडतात. म्हटलं, आज उपयोगाला येऊ दे."

"आणि हे?"

"मागे कोण येतंय मला काय ठाऊक? मी मागे बघत नाही."

मधू प्यायला, घटाघटा. मुली बाहेर सागरगोटे खेळत होत्या. सासूबाई तळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि तळ्यालाच म्हणाल्या, "उद्या जरा लवकर निघायला हवं. मागे जो कुणी येत असेल त्याने ऐकून ठेवावं."